टाळ हातात घ्या, लाजेचं मग बघू

१९८७ साल. मी नववीत होते. माउलींची पालखी लोणंदहून तरडगावकडे निघते, तेव्हा वाटेत चांदोबाचा लिंब लागतो आणि तिथं वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं, म्हणजे दुतर्फा उभ्या वारकऱ्यांमधून पालखीचे अश्व धावतात. आमचं गाव तिथून जवळच, त्यामुळे त्या दिवशी शाळेत कुणाचंच लक्ष नसायचं. मैत्रिणींबरोबर मी रस्त्याच्या कडेला उभी होते. दोन्ही अश्व धावून गेले, लोकांनी टापांखालची माती उचलून कपाळाला लावली आणि मग दिंड्यांमध्ये खेळ सुरू झाले. त्यात मला अण्णा दिसले, माझे वडील. टाळ गळ्यात अडकवलेले, धोतराचा काचा मारलेला, आणि कुठल्याशा गावच्या एका म्हाताऱ्या आजीचे हात धरून ते फुगडी घालत होते. टोपी कधीच खाली पडली होती. मैत्रीण म्हणाली, "अगं, ते तुझे वडील ना?" मी "नाही" म्हणाले आणि चहाच्या टपरीमागे जाऊन उभी राहिले.

अण्णांना जाऊन आता सोळा वर्षं झाली. ते "नाही" मी विसरलेले नाही.

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीत नुकतीच लग्न होऊन आलेली एक मुलगी लिफ्टमध्ये भेटली. म्हणाली, "काकू, एकादशीला देवळात तुम्हाला टाळ घेऊन नाचताना पाहिलं. मलाही यावंसं वाटतं हो. पण फार लाज वाटते. तुमची कशी गेली?" चौथा मजला आला, दार उघडलं, आणि मला दोन वाक्यांत काही सांगता आलं नाही. म्हणून आता सविस्तर लिहिते, तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या आणखी कुणासाठी. माझी वाट वारकऱ्यांची आहे, त्यामुळे मी टाळ, पावली (टाळाच्या ठेक्यावर टाकायची पावलं), हरिपाठ याच भाषेत बोलणार. तुमची उपासना वेगळी असेल तर त्यातलं तुमच्या उपयोगाचं तेवढं घ्या.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. मी दोन वर्षं मनाला समजावत बसले होते. देवापुढं कसली लाज, लोक काय दोन दिवस बोलतील, असं स्वतःला बजावायचे आणि देवळात गेले की पुन्हा खांबाआड उभी. समजावून माझी लाज हललीसुद्धा नाही. ती गेली हातापायांना काम मिळाल्यावर. त्यामुळे खाली जे सांगतेय ते बरंचसं हातापायांचंच आहे.

आधी घरी, पण तोंडातल्या तोंडात नको

सुरुवात हरिपाठापासून करा. ज्ञानेश्वर महाराजांच्या हरिपाठाची छापील पोथी कुठल्याही देवळाबाहेर मिळते, त्यात २७ किंवा २८ अभंग असतात. नुसता म्हटला तर वीसेक मिनिटं लागतात. वेळ एकच ठेवा. माझी संध्याकाळची आहे, दिवा लावला की लगेच.

मी पहिले चार-सहा महिने हरिपाठ पुटपुटायचे. कुकरची शिट्टी झाली, मिक्सर लागला की तेवढ्यापुरता आवाज वाढवायचे, आणि तो बंद झाला की पुन्हा खाली. कुणी ऐकू नये म्हणून म्हणत होते, त्यामुळे माझं सगळं लक्ष दाराकडे. देवाकडे काय जाणार? एके दिवशी यांनी बाहेरून हाक मारली, "काय गं, फोनवर बोलतेयस का?" तेव्हा मला स्वतःचंच वाईट वाटलं. मी देवाचं नाव असं घेत होते की घरच्या माणसाला ते चोरून केलेलं बोलणं वाटावं.

दुसऱ्या दिवसापासून मी उभी राहून म्हणायला लागले. बसून म्हटलं की आवाज पोटात दबतो. उभं राहा, पाय थोडे फाकवा, पोथी छातीच्या उंचीवर धरा म्हणजे मान खाली जात नाही. खोलीचं दार उघडं ठेवा. पहिल्या आठवड्यात घरातले सगळे एकदा डोकावून जातात. दुसऱ्या आठवड्यात कुणी येत नाही. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही एक दिवस म्हटला नाही तर विचारतात, आज हरिपाठ नाही का झाला.

"माझा आवाज चांगला नाही"

हे मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय की यावर जरा थांबून बोलते. देवळात पुरुष मंडळी पेटीवर काळी एक, फार तर काळी दोनमध्ये गातात, म्हणजे पेटीच्या त्या काळ्या पट्टीला सा धरून. ती त्यांची पट्टी. बायकांना साधारण काळी चार, काळी पाच सोयीची पडते. आता पुरुषांच्या पट्टीत आपण गायला गेलो की खालचे सूर घशात बुडतात. वरच्या सप्तकात धरावं तर अंतऱ्याला शिरा ताणल्या जातात. मग आपण निष्कर्ष काढतो की देवानं आपल्याला गळाच दिला नाही. मग तोंड मिटून फक्त ओठ हलवत राहतो. मी सात-आठ वर्षं अशी ओठ हलवणारी होते, माहेरी सप्ताहाला गेले तरी.

फोनवर तानपुऱ्याची ॲप असतात, त्यातलं एखादं घ्या. काळी चार लावा आणि "जय जय राम कृष्ण हरी" म्हणून बघा. खाली-वर करून जिथं मंद्रातला, म्हणजे खालचा पंचमही (प) नीट लागतो आणि वरचा षड्जही (सा) ओरडावा लागत नाही, ती तुमची पट्टी. मला हे आमच्या मंडळाच्या पेटीवाल्या काकांनी सांगितलं. माझी काळी चार निघाली. त्या संध्याकाळी मी "सुंदर ते ध्यान" पहिल्यांदा पूर्ण आवाजात गायले आणि माझाच आवाज मला अनोळखी वाटला. जी लाज मी इतकी वर्षं मनाची समजत होते, तिचा निम्मा भाग चुकीच्या पट्टीचा होता.

मिश्र मंडळात पट्टी बदलून मागायला संकोच करू नका. आमच्याकडे आता रूपाचा अभंग, म्हणजे विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणारा, बायका घेतात तेव्हा पेटी काळी चारला जाते, आणि गवळणीनंतर पुन्हा खाली येते. कुणाचं काही अडत नाही.

टाळ

नाचणं पुढचं. आधी टाळ शिका.

टाळ विकत घ्यायचे तर पंढरपुरात घ्या, तिथं दुकानदार वाजवून घेऊ देतात. एकदा काठाला काठ लावून सोडा आणि नाद किती वेळ टिकतो ते ऐका. दोन्ही टाळांचा सूर एकमेकांत मिसळला पाहिजे. घाई करू नका, चार-पाच जोड्या वाजवा. नवख्या माणसानं फार जड टाळ घेऊ नयेत, दुसऱ्या दिवशी मनगट वर होत नाही.

दोरी तर्जनीवरून घेऊन मुठीत धरायची. डावा टाळ जवळजवळ स्थिर, उजवा त्यावर येतो. सपाट आपटला तर मधली हवा कोंडते आणि ठप्प असा मेलेला आवाज निघतो, म्हणून किंचित तिरका, काठावर. भजनी ठेका आठ मात्रांचा आहे. तो आधी मांडीवर हातानं, मग बोटांनी ताटावर, आणि मग टाळावर. मी सकाळी बसमध्ये पर्सवर वाजवत जायचे. कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

टाळावर एवढं का बोलतेय? एकदा हातात ठेका धरला की डोळ्यांना आणि मनाला दुसरं काही करायला सवडच राहत नाही. मृदंगाकडे कान, धृपद (अभंगाची फिरून फिरून येणारी ओळ) कधी येतंय त्याकडे लक्ष, हात चालू. समोरची बाई आपल्याकडे बघून शेजारणीच्या कानात काय बोलली, हे पाहायला मन मोकळं असावं लागतं. टाळकऱ्याचं मन मोकळं नसतं. अण्णा म्हणायचे, "रिकाम्या हातानं भजनात उभं राहू नये, हात मग पदर सारखा करत बसतात." तेव्हा मला ते बायकांना शिस्त लावणारं बोलणं वाटलं होतं.

उभं कुठं राहायचं

नवीन माणूस देवळात आला की भिंतीकडे जातो. मीही जायचे. तिथं पाठ सुरक्षित वाटते, पण सगळा मंडप समोर दिसतो आणि आपण सगळ्या मंडपाला. ती जागा लाजऱ्या माणसासाठी सगळ्यात अवघड आहे. टाळकऱ्यांच्या दोन ओळी समोरासमोर असतात, मधे वीणेकरी आणि मृदंग. तुम्ही ओळीच्या मधोमध उभं राहा, दोन्ही बाजूंना जुनी जाणती माणसं घेऊन. खांद्याला खांदा लागला की पाऊल आपोआप त्यांच्याबरोबर पडतं.

आमच्याकडची साधी पावली अशी: गुडघे जरा सैल, उजवं पाऊल पुढे, डावं त्याला मिळवायचं, थोडं वाकून टाळ, मग तसंच मागे. बस्स. चाल वाढली की हेच उडत होतं. चुकेल. मी कितीदा चुकले, पुढच्या ओळीतल्या आजोबांच्या पायावर पाय दिला. चुकलं तर थांबायचं नाही, जागेवर नुसता ठेका धरायचा आणि पुढच्या धृपदाला पुन्हा मिळायचं. थांबणारा माणूस सगळ्यांना दिसतो, चुकणारा कुणालाच दिसत नाही.

पहिल्यांदा मी ओळीत उभी राहिले ती हडपसरला, २०११ च्या एका एकादशीला. स्वतःहून गेले असं म्हणवत नाही. भिंतीपाशी होते. सत्तरीच्या एक मावशी, नऊवारीतल्या, सरळ माझ्याकडे आल्या आणि माझ्या पाया पडायला वाकल्या. वारकऱ्यांत ही रीत आहेच, लहान-मोठा बघत नाहीत, एकमेकांच्या पायाला हात लावतात आणि समोरच्याला माउली म्हणतात. मला ती लहानपणापासून ठाऊक होती. तरी मी दचकून दोन पावलं मागे सरले. म्हटलं, "अहो मावशी, तुम्ही केवढ्या मोठ्या, माझ्या कुठं पाया पडता!" त्या वाकलेल्याच होत्या. तशाच मान वर करून म्हणाल्या, "मी माउलीच्या पाया पडतेय बाई. तू कशाला मधे येतेस?"

मग मनगट धरून त्यांनी मला ओळीत नेलं.

त्या वाक्यावर मी आजतागायत विचार करते. मंडपात देव होता, गाणारे होते, बघणारे होते, आणि या सगळ्यांच्या मधे मी स्वतःला धरून उभी होते: माझा आवाज, माझी साडी, माझं शिक्षण, माझ्याबद्दल कोण काय म्हणेल. मावशींना मी दिसतच नव्हते, त्यांना माउली दिसत होती. तेव्हापासून ओळीत जाण्याआधी मी शेजारच्या दोघांच्या पायाला हात लावते. प्रत्येक वेळी. वाकताना जे वाकतं ते पुढचा तासभर पुन्हा ताठ होत नाही. तुम्हाला एवढ्यातलं एकच काही करायचं असेल तर हे करा.

पदराची गोष्ट

बाईमाणसाची लाज जरा वेगळी असते, हे मान्य केलं पाहिजे. माझ्या आईच्या काळात आमच्या गावात बायका भजनाला मंडपाच्या कडेला, डोक्यावर पदर घेऊन बसत. अभंग पाठ सगळे, पण आवाज पुरुषांचा. वीणा बाईच्या खांद्यावर द्यायची नाही असा काही नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, तरी कुणी देत नव्हतं.

आणि त्याच मंडपात जनाबाईंचा अभंग गायला जायचा: "डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी." पुढं त्या म्हणतात, "हाती घेईन टाळ, खांद्यावरी वीणा, आता मज मना कोण करी." सातशे वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या घरी दळण-कांडण करणारी एक बाई हे बोलून गेली आहे. हा अभंग मी कितीतरी वेळा ऐकला होता, पण त्याचा अर्थ अंगावर आला तो सप्ताहात.

अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस, रात्रंदिवस वीणा खाली ठेवत नाहीत. पहारे लावलेले असतात. एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर वीणा जाते, घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो आणि नामस्मरण तुटत नाही. चार वर्षांपूर्वी माहेरच्या सप्ताहात पहाटे तीनच्या पहाऱ्याचा माणूस तापानं पडला. वीणेवर अण्णांचे जुने सोबती होते, पंच्याहत्तरीचे, पाय थरथरत होते. मंडपात जाग्या अशा आम्ही चौघी बायकाच. त्यांनी आमच्याकडे बघितलं, मग देवाकडे बघितलं, आणि मला म्हणाले, "ये पोरी, तुझ्या बापाचीच वीणा आहे ही."

दोन तास मी उभी होते. समोर समई, कडेला झोपलेली माणसं, बाहेर कुत्री. कुणीही बघत नव्हतं. पाच वाजता काकड्याला लोक यायला लागले, ते कधी आले आणि मंडप कधी भरला हे मला कळलं नाही. सकाळी एक-दोघं कुरकुरले म्हणे. ते आमच्या चुलतभावानं सांगितलं तेव्हा मला कळलं. ऐकलं, आणि दुसऱ्या रात्री तीनला पुन्हा जाऊन उभी राहिले.

माळ, गंध आणि नोकरीची जागा

तुळशीची माळ घालण्याची घाई करू नका. ती दागिना नाही. संप्रदायातल्या अधिकारी माणसाकडून घेतात, आणि घेतली की मांसाहार आणि दारू बंद, एकादशी धरायची, वारी चुकवायची नाही. पाळता येईल अशी खात्री झाल्यावरच घाला. मी भजनाला लागल्यावर तीन वर्षांनी, आळंदीला घेतली.

मी एका रुग्णालयाच्या रक्ततपासणी विभागात काम करते. पहिल्या दिवशी गंध-बुक्का लावून गेले तेव्हा वरच्या हुद्द्यावरचं एक माणूस म्हणालं, "आपण शिकलेली माणसं, पेशंट काय म्हणतील?" उत्तर द्यायला माझ्याजवळ पुष्कळ होतं. संतांनी काय सांगितलं, विज्ञान कुठं आड येतं, सगळं. पण मी एवढंच म्हटलं, "मी माळकरी आहे, सर." आणि ट्रे उचलला. पेशंटचं म्हणाल तर पहिल्याच आठवड्यात एक आजोबा रक्त द्यायला घाबरत होते, त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं, "माउली" म्हणाले आणि हात पुढे केला.

असं छोटं आणि खरं उत्तर तयार ठेवा. लांबलचक खुलासा दिला की समोरच्याला वाटतं तुम्हालाच खात्री नाही.

काही ठिकाणी झाकणं म्हणजे घाबरणं नसतं, हेही ओळखा. माझी माळ कामावर कोटाच्या आत असते, कारण नमुन्यांवर लोंबणारं काहीही असू नये असा तिथला नियम आहे आणि तो योग्य आहे. तो मी पाळते. गंध असतंच.

खोटी कारणं मात्र सोडा. पहिली दोन वर्षं कुणाच्या निरोप समारंभाला समोसा-वेफर्स आले आणि एकादशी असली की मी "ॲसिडिटी आहे" म्हणायचे. उपवासाचं पुण्य राहू द्या, मी देवाच्या दिवशी देवाचंच नाव लपवायला खोटं बोलत होते. टपरीमागची मुलगी अजून तिथंच उभी होती. एकदा सरळ म्हणून टाकलं, "आज एकादशी, मी चहा घेते." कुणी काहीही बोललं नाही. पुढच्या वेळी कुणीतरी माझ्यासाठी केळी आणून ठेवली होती.

घरचे आणि शेजारचे

घरच्यांची भीती आणि घरच्यांची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यांना सुरुवातीला माझं देवळात नाचणं पटत नव्हतं. "गा, पण नाचायचं कशाला?" असं म्हणायचे. मी वाद घातला नाही. रात्रीचं जेवण वेळेवर होईल, एकादशीला साडेनऊपर्यंत घरी येईन, एवढं पाळलं आणि जात राहिले. वर्षभरानं ते मला सोडायला यायला लागले, मग बाहेर चपलांपाशी थांबायला लागले. आत येतात की नाही हा त्यांचा आणि पांडुरंगाचा प्रश्न आहे.

मुलगा दहावीत असताना म्हणाला होता, "आई, माझे मित्र आले की नको ना मोठ्यानं म्हणूस." ते ऐकून माझ्या पोटात तुटलं, कारण मला चांदोबाचा लिंब आठवला. त्याला काय वाटतंय ते माझ्याइतकं कुणाला कळणार? मी हरिपाठ बंद केला नाही, पण त्याला रागावलेही नाही. मित्र आले की दार लोटून घेत होते. तो आता तेवीस वर्षांचा आहे, भजनाला येत नाही. आणायचा प्रयत्नही मी करत नाही. अण्णांनीही मला कधी ओढून नेलं नाही.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर आवाजाची तक्रार म्हणजे भक्तीची निंदा नव्हे. खालच्या मजल्यावर बारावीची मुलगी होती, तिची आई म्हणाली, काकू टाळ जरा लवकर आटपता का. आम्ही वेळ अलीकडे आणली. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावायचा नाही हा कायदाच आहे, आणि आमच्या मंडळात तर भोंगा कधीच लावत नाही. न घाबरणं म्हणजे दुसऱ्याच्या झोपेवर पाय देणं असा अर्थ कुणी काढू नये, म्हणून सांगितलं.

कौतुक झालं तर

हे कुणी सांगत नाही, आणि मला ते सगळ्यात जास्त बाधलं.

माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते तो दिवस एकादशीचा, वारीतला लांबलचक टप्पा, वाटेत दिवे घाट. एका वर्षी मी तिथपर्यंत दिंडीत चालले. घाट चढताना पाऊस आला, पखवाज चढला, आणि आम्ही दहा-बारा जणी भान हरपून नाचलो. कुणीतरी त्याचं चित्रण करून फोनवर फिरवलं. नातेवाइकांचे फोन आले, ज्यांनी नावं ठेवली होती त्यांचेही. "काय सुंदर नाचलीस गं!"

पुढच्या वर्षी त्याच घाटात मी नाचत होते आणि माझे डोळे कडेला कुणी फोन धरलाय का ते शोधत होते. साडीही मी विचार करून नेसले होते. अर्ध्या घाटात हे माझ्या लक्षात आलं आणि पायातला जीवच गेला. नावं ठेवतील म्हणून मी टपरीमागे लपले होते तेव्हा माझी नजर लोकांवर होती, आणि आता वाहवा करतील म्हणून पुढे नाचत होते तेव्हाही ती लोकांवरच होती. पांडुरंग दोन्ही वेळा राहून गेला.

त्यावर मी जे केलं ते सांगते. त्या वर्षी उरलेल्या वाटेत ओळीच्या आतल्या बाजूला गेले, जिथं रस्त्यावरून दिसत नाही. मुक्कामाला भाकरी थापायला बसले. आणि तेव्हापासून रोजची एक गोष्ट अशी ठेवली आहे की जी कुणालाही माहीत नाही. इथंही सांगणार नाही. तुम्हीही एक ठेवा. पाच मिनिटांची असली तरी चालेल, फक्त ती नवऱ्याला नाही, मैत्रिणीला नाही, फोटोत नाही. ती शाबूत असेल तर चारचौघांतल्या भजनाला आपोआप वजन येतं, आणि ती मोडली की मला लगेच कळतं, ओळीत उभी राहिले तरी पाय रिकामे पडतात.

कीर्तनात रडू आलं तर येऊ द्या. आलं नाही तर आणू नका. शेजारची रडतेय आणि आपले डोळे कोरडे, म्हणून काही कमी आहे असं मुळीच नाही. माझे कित्येक महिने कोरडे जातात.

आता लिफ्टमधल्या त्या मुलीसाठी. येत्या एकादशीला साडेसातला खाली ये, आपण चालतच जाऊ. साडीच हवी असं काही नाही, ड्रेस चालतो, ओढणी मात्र कमरेला गच्च बांध, नाहीतर पावलीत पायात येते. पोट हलकं ठेव. पाण्याची बाटली घे. जाता जाता तुला ठेका सांगते, मांडीवर वाजवत चल. आत गेल्यावर माझ्या डाव्या हाताला उभी राहा, तुझ्या पलीकडे मावशी असतील. त्या आता ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत, उड्या मारत नाहीत, पण ठेका त्यांच्याइतका पक्का कुणाचा नाही. पहिल्या दिवशी धृपद तेवढं म्हण.

टाळ विकत घेऊ नकोस इतक्यात. अण्णांचे आहेत माझ्याकडे. ते तू घे, मी देवळातले घेईन.